कॅडमियमची वर्षं

लग्न झालं तेव्हा मी जळगावात पीएच.डी. करत होते आणि तो धुळ्याच्या एका कॉलेजात नुकताच शिकवायला लागला होता. आम्ही एम.एस्सी.ला एकाच वर्गात होतो, विषयही एकच, रसायनशास्त्र. त्यामुळे माझं काम पुरं होईपर्यंत मी जळगावातच राहायचं, हे कुणाला फारसं समजावून सांगावं लागलं नाही. पिंप्राळ्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की तो एसटीने यायचा आणि सोमवारी सकाळी परत जायचा. कधी मी धुळ्याला जायची. तिथे तो आणि सासूबाई राहत. सासरे आमच्या लग्नाच्या आधीच गेले होते.

माझ्या माहेरी केळीचे मळे. यावलकडे आमचं गाव आहे. मुलगी काय शिकते ते आबांना नीट सांगता यायचं नाही, पण ते कुणाच्याही लग्नात गेले तरी सांगायचे, ‘ती धातूपासून नवीन पदार्थ बनवते.’ तसं पाहिलं तर ते बरोबरच होतं. धातूचा क्षार आणि दोन्ही टोकांनी धरू शकतील असे लांबट सेंद्रिय रेणू एकत्र पाण्यात विरघळवायचे, टेफ्लॉनच्या भांड्यात ओतायचे, भांडं पोलादी आवरणात घट्ट पिळून बंद करायचं आणि दोन-तीन दिवस ओव्हनमध्ये ठेवायचं. आत धातूचा अणू एका रेणूला धरतो, तो रेणू पुढच्या अणूला, आणि असं करत लांब साखळी किंवा जाळी तयार होते. तिला कोऑर्डिनेशन पॉलिमर म्हणतात. ओव्हन अगदी सावकाश थंड केला तर भांड्याच्या तळाशी स्फटिक मिळतात. घाई केली, किंवा मध्येच वीज गेली, तर नुसती भुकटी. जळगावच्या उन्हाळ्यात वीज किती जाते ते सांगायला नको. मी कित्येकदा भांडं उघडून आत पांढरा गाळ बघितलाय आणि तो धुऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीय.

माझा धातू कॅडमियम. सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, तोच सुचवला होता. कॅडमियम विषारी असतं, पण त्याचे स्फटिक सुरेख यायचे. सूक्ष्मदर्शकाखाली ते बारीक काचेच्या काड्यांसारखे दिसत आणि बशी थोडी फिरवली की एकेक काडी पेटल्यासारखी चमकायची. रचना समजून घ्यायला ते बाहेरगावी पाठवायचे. मग दुसरा भाग: उजेडात ते रंग मोडतात का हे बघायचं. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांतून जे पाणी बाहेर पडतं, त्यातला रंग सहजासहजी जात नाही. म्हणून आम्ही मिथिलीन ब्लूचं निळं पाणी घेऊन त्यात चिमूटभर पदार्थ टाकायचो, आधी अंधारात ढवळत ठेवायचो आणि मग वरचा दिवा लावायचो. थोड्या थोड्या वेळाने काचेच्या नळीने जरासं पाणी काढून त्याचा रंग मोजायचा. पदार्थ चांगला असला तर दुपारच्या चहापर्यंत निळ्याचं आकाशी व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत साधं पाणी.

सासूबाई एकदा जळगावला आल्या तेव्हा मी त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेले. त्या स्टुलावर बसून बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “हाई निळं पानी कसाले ढवळी राहिनी तू?” मी सांगितलं की हा रंग घालवायचाय. घरी परतायच्या आधी पाणी निवळलेलं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि धुळ्याला जाऊन शेजारणींना सांगितलं की सून पाण्यातला रंग काढते. तो फोनवर हसत हसत मला हे सांगत होता. ते दिवस मला फार नीट आठवतात. शनिवारी तो आला की आधी प्रयोगशाळेतच यायचा. नवे स्फटिक आले असतील तर मी काही न बोलता सूक्ष्मदर्शकासमोरून बाजूला सरकायची. तो वाकून बघायचा आणि म्हणायचा, “तुझ्या हाताला येतात. माझ्या हाताला कधी आले नाहीत.”

तिसऱ्या वर्षी दिवस राहिले. मला ते उशिरा कळलं. उन्हाळा होता, संशोधनाचा एक पेपर पाठवायची धावपळ चालली होती आणि पाळी पुढे-मागे होणं मला नवीन नव्हतं. कळल्यावर मी सरळ सरांकडे गेले. सरांनी त्याच दिवशी माझं रसायनांचं काम थांबवलं. माझ्या टेबलावरच्या बाटल्या दुसऱ्या कपाटात हलवल्या आणि मला आकडे मांडायला, लिहायला वेगळ्या खोलीत बसवलं. “बाळ झाल्यावर सगळं तुझ्याच हातात देतो,” म्हणाले. पण त्याच्या आधीचे जवळजवळ दोन महिने मी दर आठवड्याला कॅडमियमचं भांडं लावत होते. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. हातमोजे, मास्क, धूर ओढणारं कपाट, सगळं नेमाने वापरायची. डॉक्टरीणबाईंना मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्यांनी नीट विचारून घेतलं, लिहून घेतलं आणि म्हणाल्या, आता ते काम नको, बाकी काळजी करू नकोस.

सातव्या महिन्यात बाळाची हालचाल थांबली. थंडीचे दिवस होते. आदल्या दिवशी संध्याकाळी जाणवली होती की नाही, हे मी नंतर किती वेळा आठवून पाहिलं असेल. सकाळी चहा घेतला, डाव्या कुशीवर झोपले, थंड पाणी प्यायले, जे जे सांगतात ते केलं. मग रिक्षा करून दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई बराच वेळ पोटावर यंत्र फिरवत राहिल्या. पडदा त्यांनी माझ्याकडून जरा वळवून घेतला, तेव्हाच मला कळलं. तो धुळ्याहून येईपर्यंत आई आणि आबा येऊन पोचले होते.

मुलगी होती. सगळी पूर्ण. केस होते. मला तिला थोडा वेळ जवळ घेऊ दिलं. नंतर तो आणि आबा तिला घेऊन गेले. एवढ्या लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात. बायकांना तिथे नेत नाहीत, आणि माझ्यात उठायची ताकदही नव्हती. संध्याकाळी तो परत आला तेव्हा त्याच्या पायजम्याच्या कडांना ओली माती लागली होती. तो पलंगाशेजारी बसला आणि माझा हात हातात घेतला. कुठे नेलं ते मी विचारलं नाही. दोन दिवसांनी मला दूध आलं. आईने जुन्या लुगड्याची पट्टी फाडून छाती बांधून दिली. पट्टी ओढताना ती खाली मान घालून रडत होती आणि मी तिला सांगत होते, अजून घट्ट बांध.

सासूबाई भेटायला आल्या तेव्हा त्यांनी जे मनात होतं ते बोलून टाकलं. “त्या औषधीस्नामुळेच व्हयनं हाई बठ्ठं.” त्यांच्या भाषेत प्रयोगशाळेतल्या सगळ्या बाटल्या म्हणजे औषधं. तो एकदम चिडला. “आई, माहिती नसताना काही बोलू नको. याचा त्याच्याशी संबंध नाही.” सासूबाई पदराने तोंड पुसून स्वयंपाकघरात गेल्या आणि माझ्यासाठी शिरा करून आणला. पुन्हा त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मला त्यांचा राग आला नाही. त्याचा मात्र त्या क्षणी मला फार आधार वाटला. तो शिकलेला होता, त्याला माहीत होतं, आणि तो माझ्या बाजूने उभा होता.

विश्रांतीसाठी मी महिनाभर धुळ्याला होते. एका सकाळी आम्ही दोघं गच्चीवर उन्हात बसलो होतो. मी शेंगा सोलत होते, तो पेपर वाचत होता. पेपरातून डोकं वर न काढता त्याने विचारलं,

“हातमोजे घालत होतीस ना तू?”

मी म्हटलं, “हो.”

“नेहमी?”

मी पुन्हा हो म्हटलं. त्याने मान हलवली आणि पान उलटलं. शेंगा सोलून झाल्या तशी मी टरफलं गोळा करून खाली गेले आणि मोरीत नळ सोडून उभी राहिले.

तो मोठ्याने बोलला असता, भांडला असता, तर मी उत्तर दिलं असतं. पण त्याच्या त्या एका साध्या चौकशीत किती रात्रींचा विचार होता ते मला दिसलं. तो मनातल्या मनात माझ्या टेबलापाशी जाऊन आला होता. कुठल्या बाटल्या, किती वजन, धूर ओढणारा पंखा वीज गेल्यावर किती वेळ बंद राहतो, हे सगळं त्याला माहीत होतं, कारण दर शनिवारी तो तिथे यायचा. त्या दिवसापासून मीही तेच करायला लागले. हातमोजे घातले होते, पण स्फटिक बघायला बशी उचलताना? वीज गेली त्या दुपारी मी खोलीतून लगेच बाहेर पडले होते का? एखादा दिवस आठवायचा, तो तपासायचा, मग दुसरा.

मी कामावर परत गेले. सरांनी काही विचारलं नाही. आमचा पेपर परत आला होता आणि परीक्षकांनी एक प्रश्न विचारला होता, जो अशा पेपरांत नेहमीच विचारतात: पदार्थ पुन्हा पुन्हा वापरल्यावर त्यातलं कॅडमियम पाण्यात उतरतं का? सर म्हणाले, हे मी दुसऱ्या कुणाकडून करून घेतो. मी म्हटलं, नको, मीच करते. मी तोच पदार्थ निळ्या पाण्यात घातला, दिवा लावला, रंग गेल्यावर गाळून धुऊन सुकवला आणि पुन्हा नव्या निळ्या पाण्यात घातला. असं पुन्हा पुन्हा केलं. प्रत्येक वेळचं गाळलेलं पाणी वेगळं ठेवलं आणि त्यातल्या धातूचं मोजमाप करून घेतलं. जवळजवळ काहीच उतरलं नव्हतं. मी आकडे सरांसमोर ठेवले. त्यांनी चष्मा वर सरकवून बघितलं. त्यांना मनापासून आनंद झाला.

“वा,” ते म्हणाले. “पक्कं धरून ठेवलंय. सोडत नाही.”

मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन सायकल स्टँडच्या कट्ट्यावर बसले. आत ते माझी वाट बघत असतील, पुढचं बोलायचं असेल, हे कळत होतं. पण उठता येईना. जाळीने धरून ठेवलं होतं. माझ्या शरीराने का नाही धरून ठेवलं, हे विचारायला मला कुठलाच प्रयोग माहीत नव्हता. कुठलीही चाचणी करताना आम्ही एक पाणी पदार्थ न घालता तसंच दिव्याखाली ठेवतो, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळतं. कॅडमियम न हाताळलेली मी कुठून आणणार होते?

शेवटी मी डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि माझी तपासणी करा म्हणून हटून बसले. त्या म्हणाल्या की पुष्कळदा अशा वेळी कारण सापडतच नाही, आणि ते शोधत बसण्यात अर्थ नसतो. मी त्यांना सांगितलं की कॅडमियम एकदा शरीरात गेलं की मूत्रपिंडात वर्षानुवर्षं बसून राहतं, म्हणजे गेलं असेल तर अजूनही दिसेल. मग त्यांनी नमुने मुंबईला पाठवायची व्यवस्था केली. निकाल आल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं.

“कुणाच्याही शरीरात असतं तेवढंच आहे,” त्या म्हणाल्या. “त्यापेक्षा कणभर जास्त नाही. ऐकलंस का? आता हे डोक्यातून काढून टाक.”

मला वाटलं होतं हे ऐकल्यावर मी सुटेन. दवाखान्यातून निघून पिंप्राळ्यापर्यंत चालत आले. वाटेत सराफांच्या दुकानांसमोर लग्नसराईची गर्दी होती, रिक्षा अडकून पडल्या होत्या, आणि मी त्या गर्दीतून अशी चालत होते जणू माझ्या हातातलं काहीतरी कुणी काढून घेतलंय. आजवर निदान दुःखाला बसायला जागा होती. आता तीही नव्हती.

शनिवारी तो आला. मी त्याला सांगितलं. तो खुर्चीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड झाकून रडला. बाळ गेलं तेव्हाही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं.

“मी तुला दोष देत नव्हतो,” तो म्हणाला.

“मग विचारलंस का?”

डोळे पुसून तो म्हणाला, “मला काहीतरी कारण हवं होतं. तुला नको होतं?”

मला हवं होतं. तेच मला सगळ्यात जास्त हवं होतं. पण मी ते त्याच्याकडे मागितलं नव्हतं, आणि त्याने माझ्याकडे मागितलं होतं. एवढाच फरक. मी उठून भाजी फोडणीला टाकली. आम्ही जेवलो. तो म्हणाला, वांगी छान झालीत.

त्यानंतर काही बिघडलं असं कुणाला दिसलं नसतं. तो शनिवारी यायचा. मग परीक्षांची कामं निघाली, मग कॉलेजच्या तपासणीची, आणि एखादा शनिवार चुकायला लागला. आला तरी प्रयोगशाळेत येईना, सरळ घरी यायचा. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बाळाचा विचार करायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. तो दोनदा बोलला. दोन्ही वेळा मी म्हटलं, थोडं थांबू. तो थांबला. त्याने घाई केली, छळलं, असं मी म्हणू शकत नाही. पण तो जवळ आला की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. मला वाटायचं, आता पुढे जे काही होईल त्यात तो मला तपासत राहील, आणि तो काही विचारणार नाही तेव्हासुद्धा मी उत्तरं तयार ठेवीन. हे मी त्याला एकदा सांगायचा प्रयत्न केला. नीट सांगता आलं नाही. त्याला एवढंच कळलं की मला मूल नकोय, आणि ते खरं नव्हतं.

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा झाली तेव्हा तो रजा काढून आला आणि मागच्या रांगेत बसला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला पाण्यात धातू उतरण्याबद्दलच विचारलं. मी उत्तर दिलं. आवाज हलला नाही. सरांनी उठून माझ्या नावाआधी पहिल्यांदा डॉक्टर लावलं तेव्हा सगळ्यांत आधी टाळ्या त्याने वाजवल्या. पेढे त्यानेच धुळ्याहून आणले होते. सगळ्यांना वाटून झाल्यावर त्याने मला विचारलं, “आता धुळ्याला येशील?” मी म्हटलं, इथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर घेतायत. तो हं म्हणाला आणि पेढ्यांचा रिकामा खोका घडी करून पिशवीत ठेवला.

वेगळं व्हायचं हे कुणी ठरवलं ते मला आजही सांगता येत नाही. वकिलांकडे दोघं मिळून गेलो. आईने समजावलं, आबांनी समजावलं नाही, नुसते मळ्यात निघून गेले. सासूबाईंचा फोन आला. त्या रडत होत्या. “मी बोलनू म्हनीसन जाई राहिनी का तू?” मी त्यांना म्हटलं, नाही आई, तुम्ही बोललात ते तेव्हाच संपलं. त्यांना ते पटलं की नाही माहीत नाही. अजून त्या अधूनमधून फोन करतात, जेवली का विचारतात, आणि त्याच्याबद्दल काही बोलत नाहीत.

कोर्टाची शेवटची तारीख धुळ्याला होती. काम दुपारपर्यंत आटोपलं. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, चहा घेशील का. आम्ही टपरीवर उभ्यानेच चहा घेतला. तो मला स्टँडवर सोडायला आला. जळगावची गाडी लागलेली होती, पण ड्रायव्हर कुठेतरी गेला होता. मी खिडकीशी बसले, तो खाली उभा राहिला. जा आता, असं मी दोनदा म्हटलं. तो म्हणाला, निघू दे गाडी. ऊन त्याच्या डोळ्यांत येत होतं, म्हणून त्याने कपाळावर हात धरला होता. मग त्याने एकदम, खालच्या आवाजात म्हटलं, “तिला कुठे ठेवलं ते तू कधी विचारलं नाहीस.”

मी म्हटलं, “सांग.”

त्याने सांगितलं. गिरणा नदीच्या काठची जागा, एका बाभळीपासून थोडी आत. आबांनी वर दगड ठेवले होते. तेवढ्यात ड्रायव्हर आला आणि गाडी सुरू झाली. तो दोन पावलं गाडीबरोबर चालला आणि थांबला.

शेजारी पारोळ्याला जाणारी एक बाई होती, माझ्या आईच्या वयाची, मांडीवर बोरांची पिशवी. गाव सुटल्यावर तिने माझी चौकशी सुरू केली. कुठल्या, काय करता, मालक काय करतात. खाली उभे होते ते मालकच असणार हे तिने गृहीत धरलं होतं, आणि मी काही बोलले नाही. मग तिने विचारलं, “लेकरं किती?”

याआधी कुणीही विचारलं की मी नाही म्हणायची. त्या दिवशी म्हटलं, “एक मुलगी.”

“नाव काय ठेवलं?”

“अजून नाही ठेवलं.”

तिला वाटलं मुलगी तान्ही असेल, घरी आजीजवळ असेल. एवढ्या लहान लेकराला सोडून प्रवास करू नये, गाडीत वारं लागतं, छाती दुधाने भरून दुखते, असं ती मला मायेने सांगत राहिली. मी मान हलवत होते. पारोळ्याला उतरताना तिने माझ्या ओंजळीत मूठभर बोरं टाकली. तिची जागा एरंडोलपर्यंत रिकामीच राहिली. मी बोरं ओटीत घेऊन बसले होते, खिडकीतून कापसाची शेतं मागे जात होती, आणि मी रडत होते.